गोबींत राहिलेली तीनचाकी

देहूहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या अलीकडच्या कांठाला तळवडे हें गांव आहे. दिवाळी उलटून थंडी पडूं लागली म्हणजे या रस्त्यानें सकाळीं जाणाऱ्या मनुष्यास दोन प्रकारचे तांडे दृष्टीस पडतात. एक तांडा लांबलचक मालमोटारींचा. चाकणच्या कारखान्यांतून निघालेल्या नव्या कोऱ्या मोटारसायकली त्यांच्या पोटांत ओळीनें उभ्या केलेल्या असतात व त्या देशोदेशीं जावयास निघालेल्या असतात. दुसरा तांडा धनगरांचा. पुढें काळ्या-पांढऱ्या मेंढरांचा कळप, त्याच्या कडेनें काठी खांद्यावर आडवी टाकून चाललेले दोन-तीन पुरुष, मागें तट्टांच्या पाठीवर बांधलेलें सारें बिऱ्हाड, आणि त्या बिऱ्हाडाच्या शेंड्यावर बसविलेलें एखादें मूल किंवा पाय बांधलेली कोंबडी. दोन्ही तांड्यांची गांठ एखाद्या चौकांत पडली म्हणजे मालमोटारी कर्णे वाजवितात, मेंढरें बुजतात, आणि कामावर निघालेले शेंकडों लोक घड्याळाकडे पाहत धनगराच्या नांवानें बोटें मोडतात.

या मोटारसायकलींपैकीं कांहीं केवळ कामावर जाण्यायेण्यासाठीं नसतात. अंगानें उंच, दोन्ही बाजूंस सामानाच्या पेट्या अडकविण्याची सोय, आणि दगडावर आपटून एंजिन फुटूं नये म्हणून पोटाखालीं संरक्षक पत्रा, अशी त्यांची घडण असते. साहसी प्रवासाची गाडी म्हणूनच त्या विकल्या जातात. आकुर्डीच्या बजाज कंपनीनें २००७ सालीं ऑस्ट्रियांतील के. टी. एम. या जुन्या कारखान्यांत भाग घेतला, २०११ पासून त्या नांवाच्या गाड्या चाकणला तयार होऊन यूरोपांत जाऊं लागल्या, आणि २०२० सालीं त्यांतलीच एक दूरच्या प्रवासाची गाडी आपल्याकडील तरुणांच्या हातीं आली. या तरुणांचें पहिलें स्वप्न लडाख असतें. तें पुरें झालें म्हणजे कोणी स्पितीचें नांव घेतो, कोणी मंगोलियाचें. जेथें कुंपण नाहीं, रस्ता नाहीं, दिवसभर गाडी हांकली तरी माणूस भेटत नाहीं आणि सायंकाळीं भेटला तर दुधाची वाटी पुढें करतो, अशा देशाचें वर्णन ऐकून पिंपरी-चिंचवडच्या गर्दींत अडकलेल्या जिवास हुरूप आल्यास नवल नाहीं. मात्र त्या वर्णनांत नायक नेहमीं गाडीवर बसलेला असतो. दुधाची वाटी पुढें करणारा कोण, तो ती कां पुढें करतो, आणि ती न मिळती तर त्या साहसाचें काय झालें असतें, या गोष्टी सहसा कोणी सांगत नाहीं. भटक्यांच्या त्या देशांत यंत्रावर बसून गेलेल्या पहिल्या माणसांची हकीकत यासाठींच पाहण्यासारखी आहे. त्यांतल्या एकाची गाडी तर आपल्या रिक्षेची लांबची मावशी शोभावी अशी होती.

पॅरिसच्या 'ल मातँ' या वृत्तपत्रानें १९०७ च्या जानेवारीअखेर एक आव्हान प्रसिद्ध केलें. मोटारगाडी असली म्हणजे मनुष्यास कोठेंही जातां येतें हें सिद्ध करण्यासाठीं येत्या उन्हाळ्यांत पेकिंगहून निघून पॅरिसपर्यंत गाडीनें येण्यास कोण तयार आहे, असा त्याचा आशय होता. हौसेनें पुष्कळांनीं नांवें दिलीं; प्रत्यक्ष आगबोटीनें पेकिंगला गाड्या आल्या त्या पांच. इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेझे याची 'इताला', शार्ल गोदार नांवाच्या एका कफल्लक पण हिकमती गृहस्थानें आणलेली हॉलंडची 'स्पायकर', फ्रान्सच्या दोन 'द दियों-बूतों', आणि पांचवी ओग्युस्त पॉन्स या फ्रेंच गृहस्थाची 'कोंताल'. ही कोंताल म्हणजे खरोखर मोटारगाडी नव्हेच. पुढें दोन चाकें, मागें एक. मोटारसायकलीचा सांगाडा घेऊन त्यास पुढें बसावयाची जागा जोडलेली. बोर्गेझेच्या गाडीचें एंजिन चाळीसेक अश्वशक्तीचें, तर हिचें अवघें सहाच्या घरांतलें. पॅरिसच्या गुळगुळीत रस्त्यावर मजेनें फिरावें अशी ही चीज घेऊन पॉन्स आणि त्याचा सोबती फूको हे आशिया खंड ओलांडावयास निघाले होते. त्यांना वेडे म्हणावें कीं शूर म्हणावें हें ठरविणें कठीण आहे; बहुधा दोन्ही म्हणावें लागेल.

१० जून १९०७ रोजीं हा तांडा पेकिंगच्या फ्रेंच वकिलातीपासून निघाला. पहिल्याच दिवसांत यंत्रयुगाची फजिती सुरू झाली. पेकिंगच्या उत्तरेस डोंगर लागतात. त्यांतील नानकौच्या घाटांत रस्ता म्हणून जो होता तो खेंचरांचा व उंटांचा. बोर्गेझे मोठा धोरणी. त्यानें आपल्या गाडीच्या रुंदीएवढी वेळूची काठी तोडून घेतली होती व स्पर्धेच्या आधींच घोड्यावर बसून, अरुंद जागीं ती काठी आडवी धरून, गाडी कोठें मावते व कोठें मावत नाहीं हें तपासून ठेविलें होतें. तरीही घाटांतून गाड्या एंजिनाच्या बळावर गेल्या नाहींत. दोरखंड बांधून चिनी हमालांनीं व जनावरांनीं त्या ओढून नेल्या. जगांतील पहिल्या मोठ्या मोटारप्रवासाचा आरंभ असा बैलगाडीच्या वेगानें झाला.

घाट चढून वर गेल्यावर मात्र देश पालटला. कलगानपासून उर्गेपर्यंत, म्हणजे हल्लींच्या उलानबातरपर्यंत, चहाच्या उंटांचा शेंकडों वर्षांचा मार्ग होता, आणि त्या मार्गाच्या कडेनें तारेचे खांब रोंवलेले होते. या खांबांवर नजर ठेवून गाड्या चालत. उंटांच्या तांड्यास या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत. इताला चार-पांच दिवसांत उर्गेला पोंचली. बोर्गेझेबरोबर लुइजी बार्झिनी हा इटालियन बातमीदार होता. गोबींतील एका तारघरांत त्यानें आपल्या पत्रासाठीं तार दिली, तेव्हां तेथील चिनी कारकुनानें मोठ्या काळजीनें तिच्यावर पहिला क्रमांक घातला. आजच्या दिवसांतली पहिली, असें बार्झिनीस वाटलें. पण तें कार्यालय उघडून सहा वर्षें झालीं होतीं, आणि तेथून कोणी बाहेर पाठविलेली ती पहिलीच तार होती.

पॉन्सची तीनचाकी आरंभापासूनच मागें पडत होती. गाडीचा भार पुढच्या दोन चाकांवर, आणि ओढावयाचें काम मागच्या एकट्या चाकाकडे; वाळूंत तें चाक जागच्या जागीं फिरे. गोबींत शिरल्यावर तिचें पेट्रोल संपलें. बाकीच्या गाड्या दृष्टीआड झाल्या होत्या, व त्यांच्यापैकीं कोणी मागें वळून आलें नाहीं. वाळवंटांत जूनचें ऊन, पाणी बेताचें, आणि क्षितिजापर्यंत एक झाडही नाहीं, अशा स्थितींत पॉन्स व फूको गाडी सोडून पायीं निघाले. तहानेनें व थकव्यानें ते अर्धमेले झाले असतां भटक्या मोंगलांच्या दृष्टीस पडले, म्हणून वांचले. गाडी वाळवंटांत राहिली ती राहिलीच. पॉन्सच्या चिकाटीची मात्र तारीफ केली पाहिजे, कारण पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंतच्या दुसऱ्या स्पर्धेंत तो पुनः एक लहानशी गाडी घेऊन उतरला. ती पहिल्याच दिवशीं मोडली. त्याचें नांव आज कोणाला ठाऊक असलें तर तें त्याची मुलगी लिली पॉन्स हिच्यामुळें. ती पुढें न्यूयॉर्कच्या संगीतनाट्यगृहांतली जगप्रसिद्ध गायिका झाली. बाप गोबींत राहिला तेव्हां ती नऊ वर्षांची होती.

स्पर्धा जिंकली ती बोर्गेझेनें. १० ऑगस्ट रोजीं, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनीं, तो पॅरिसला पोंचला, आणि मोटारगाडीचा जयजयकार झाला. हा जयजयकार योग्यच होता. पण बार्झिनीनें लिहिलेला प्रवासवृत्तान्त नीट पाहिला म्हणजे त्या जयजयकारांत आणखी कांहीं आवाज मिसळावयास हवे होते असें वाटतें. गोबीपार जाण्यासाठीं लागणारें पेट्रोल पुढच्या ठाण्यांवर आधीं नेऊन ठेविलें होतें तें उंटांनीं. उर्गेच्या उत्तरेस गाडी दलदलींत रुतून खालीं खालीं जाऊं लागली तेव्हां ती बाहेर काढली तेथील लोकांनीं व त्यांच्या बैलांनीं. इरो नदीचें पाणी एंजिनांत जाईल म्हणून यंत्राचा नाजूक भाग काढून घेतला, आणि पुनः बैल जुंपून गाडी पैलतीरास नेली. जी गाडी जिंकली तीस उंट, बैल व मोंगल मिळाले. जी हरली तिच्या स्वारांना मोंगल मिळाले, पण उशिरा. दोन्ही गाड्यांतला फरक अश्वशक्तीचा होता हें खरें, पण तेवढाच नव्हता.

पॅरिस आणि मोंगलांचा देश यांचा संबंध काहीं १९०७ सालीं प्रथम आला असें नाहीं. फ्रान्सचा राजा नववा लुई याचें पत्र घेऊन रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती साधु १२५३ सालीं निघाला व मोंगलांचा महाखान मोंगके याच्या छावणीस पोंचला. १२५४ सालीं काराकोरम या राजधानींत त्याला भेटला कोण, तर पॅरिसचा एक सोनार. गियोम बूशे हें त्याचें नांव. मोंगलांनीं हंगेरीच्या स्वारींत त्याला पकडून आणलें होतें, आणि त्यानें खानासाठीं रुप्याचा एक वृक्ष घडविला होता, ज्याच्या नळ्यांतून निरनिराळीं पेयें वाहत. रुब्रुकचा विल्यम हा चांगला निरीक्षक, पण प्रवासी म्हणून कुरकुऱ्या. भूक लागली, घोडा वाईट मिळाला, वाटाड्यानें दटावलें, अशा तक्रारी त्याच्या वृत्तान्तांत जागोजाग आहेत. तरी हजारों मैलांच्या त्या प्रवासांत त्यास रोज कोणी तरी घोडा दिला आणि रात्रीं कोणी तरी आंत घेतलें, हें त्याच्याच लिहिण्यावरून दिसतें.

हें आंत घेणें म्हणजे काय, हें समजण्यास त्या देशाची रचना ध्यानांत आणली पाहिजे. मंगोलियाचें क्षेत्रफळ साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पांचपट. आणि लोकवस्ती आजही पस्तीस लाखांच्या आसपास. महाराष्ट्रांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें एका चौरस किलोमीटरांत ३६५ माणसें राहतात, तेथें दोन. हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंश जातो. अशा मुलखांत वादळांत सांपडलेल्या मनुष्यास समोरच्या तंबूनें आंत घेतलें नाहीं तर तो मरतो, इतकी ही गोष्ट सरळ आहे. आज जो यजमान आहे तो उद्यां हरवलेल्या घोड्याच्या शोधांत दुसऱ्याच्या दारीं उभा राहावयाचा असतो. म्हणून गेर या नांवाच्या त्या गोल तंबूच्या दारीं आलेल्या परक्यास तो कोण, कोठला हें विचारण्याआधीं मीठ घातलेला दुधाचा चहा किंवा उन्हाळ्यांत घोडीच्या आंबविलेल्या दुधाची वाटी देतात. गेर ज्या नमद्याचा करतात तो आपल्या घोंगडीसारखाच मेंढीच्या लोकरीचा असतो, फक्त विणलेला नसून पाणी मारून, लाटून घट्ट केलेला असतो. पाहुण्यानें दारावर थाप मारावयाची नसते. दुरूनच ओरडावयाचें असतें, 'नोखोइ खोर', म्हणजे कुत्रा धरा. या दोन शब्दांस तेथें आपल्या 'आहे का घरांत कोणी?' याचा अर्थ आला आहे. कुत्रा धरला गेला कीं मनुष्य पाहुणा झाला.

या रूढीस आपल्याकडील लेखक कधीं कधीं 'भटक्यांचें भोळें औदार्य' म्हणतात, तें आम्हांस पटत नाहीं. त्यांत भोळेपणा नाहीं, हिशोब आहे. आणि त्या हिशोबावर पुढें एक साम्राज्य उभें राहिलें. चेंगीझखानाचा मुलगा ओगोदेई यानें १२३४ च्या सुमारास साऱ्या राज्यांत टप्प्याटप्प्यानें ठाणीं बसविलीं. प्रत्येक ठाण्यावर ताजे घोडे, अन्न व माणसें तयार असत, आणि खानाची पाटी गळ्यांत असलेला निरोप्या घोडे बदलीत दिवसास शेंकडों मैल तोडी. मोंगलांच्या 'गुप्त इतिहास' या ग्रंथांत ओगोदेई आपल्या कारकीर्दीचा जमाखर्च सांगतो. चार कृत्यें चांगलीं, चार वाईट, असा त्याचा हिशोब आहे, आणि चांगल्यांत टपालाच्या ठाण्यांबरोबरच निर्जळ प्रदेशांत विहिरी खणविल्या हेंही तो गणतो. हें वाचतांना मराठी वाचकास अहल्याबाई होळकरांची आठवण न व्हावी तर नवल. चोंडीच्या धनगर घराण्यांतली ही मुलगी. तिनें राज्य हातीं आल्यावर हिंदुस्थानभर वाटसरूंसाठीं विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या. जनावरांमागें चालत पाणी शोधणाऱ्या कुळांतल्या राज्यकर्त्यांस पाण्याचें मोल सांगावें लागत नाहीं.

पण याच ठाण्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्यास दूध देणें निराळें, आणि सरकारी स्वारास घोडा द्यावाच लागणें निराळें. मांचू बादशहांच्या अमदानींत ठाण्यांची चाकरी हा मोंगल कुटुंबांवर मोठा बोजा झाला होता. येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यासाठीं घोडे, तंबू, मेंढी हीं हजर करावीं लागत. त्यांत कित्येक कुटुंबें नागवलीं. आपल्याकडे कामगारांच्या व साहेबांच्या मुक्कामासाठीं गांवकऱ्यांवर जी वेठ पडे तिचाच हा भाऊ. तेव्हां १९०७ च्या गाड्यांना बैल मिळाले ते कितपत खुषीनें व कितपत हुकुमानें, हा प्रश्न रास्त आहे. पॉन्सच्या बाबतींत मात्र तो उद्भवत नाहीं. वाळूंत पडलेल्या दोघां परक्यांना पाणी पाजणाऱ्यानें त्यांचा परवाना पाहिला नसावा.

यानंतर गोबींत यंत्रें वरचेवर येऊं लागलीं. अमेरिकेच्या रॉय चॅपमन अँड्रूजनें १९२२ पासून १९३० पर्यंत ज्या शास्त्रीय मोहिमा नेल्या, त्यांत डॉज गाड्यांवर बसून पंडितमंडळी वाळवंट पालथें घालीत. १९२३ सालीं त्यांना डायनोसॉरची अंडीं सांपडल्यावर सारें जग त्यांच्याकडे पाहूं लागलें. त्या गाड्यांचें पेट्रोल व शिधा घेऊन मेरिन नांवाचा एक मोंगल नायक उंटांचा तांडा कित्येक आठवडे आधीं पुढें नेत असे, आणि ठरल्या जागीं ठरल्या वेळीं तो भेटे. मोहिमेचें यश त्या भेटीवर अवलंबून असे, हें अँड्रूज जाणून होता.

यापुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. मोटारसायकल ही बाहेरून आलेल्या साहसी पुरुषाची वस्तु आहे, आणि मोंगल तो घोड्यावरचा, ही आपल्या मनांतली चित्राची विभागणी केव्हांच पुसून गेली आहे. १९२४ सालीं मंगोलिया साम्यवादी प्रजासत्ताक झाला, १९५० नंतरच्या दशकांत कळप सहकारी संघांच्या मालकीचे झाले, आणि रशियाच्या इझेव्स्क शहरांत बनणारी 'प्लानेटा' नांवाची ओबडधोबड, एका नळकांड्याची मोटारसायकल गुराख्याच्या दारीं उभी राहिली. १९९० नंतर संघ मोडले, कळप पुनः घरोघर वांटले गेले. रशियन गाडीच्या जागीं स्वस्त चिनी गाडी आली. आज तेथील मेंढपाळ मोटारसायकलीवरून कळप वळवितो, हरवलेला उंट शोधतो, बायकोमुलांसह तिघे-चौघे एकाच गाडीवर बसून तालुक्याच्या गांवीं जातो. २००४ सालीं इव्हान मॅकग्रेगर व चार्ली बूर्मन या दोघां नटांनीं लंडनहून न्यूयॉर्कपर्यंत मोठ्या जर्मन मोटारसायकलींवर प्रवास केला. त्यांच्या चित्रपटकाराच्या गाडीची चौकट मंगोलियांत मोडली, तेव्हां त्यानें काय केलें? तेथल्याच एका गांवांत तांबड्या रंगाची एक प्लानेटा विकत घेतली व तीवर बसून पुढें गेला. भटक्याची गाडी वाटेंत कोठेंही हातोडा व तार यांनीं दुरुस्त होते. साहसी प्रवाशाच्या गाडीस तज्ज्ञ लागतो. पॉन्सच्या वेळीं मोंगलांनीं पाणी दिलें होतें. शंभर वर्षांनीं त्यांनीं वाहनही दिलें.

मात्र मोटारसायकल आली म्हणून भटक्याचें आयुष्य सोपें झालें असें नाहीं. त्या देशांत 'झुद' नांवाचें संकट आहे. हिंवाळ्यांत बर्फ फार पडलें, किंवा पडलेलें बर्फ वितळून पुनः गोठलें व गवतावर लोखंडासारखा पापुद्रा झाला, म्हणजे जनावरें पायांखालीं चारा असून उपाशी मरतात. २००९-१० च्या हिंवाळ्यांत ऐंशी लाखांहून अधिक व २०२३-२४ च्या हिंवाळ्यांत सत्तर लाखांहून अधिक जनावरें अशीं गेलीं. कळप गेला कीं कुटुंब तंबू गुंडाळून उलानबातरला येतें आणि शहराच्या कडेला, डोंगरउतारावर, फळ्यांचें कुंपण घालून त्याच तंबूंत राहतें. देशाची जवळजवळ निम्मी वस्ती आतां त्या एका शहरांत आहे. ज्यांच्या देशाची कीर्ति कुंपण नसण्याबद्दल, त्यांनीं कुंपण घातलें तें असें.

आतां पुनः इंद्रायणीच्या कांठीं येऊं. माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर या कोरड्या मुलखांतले धनगर दिवाळीनंतर पश्चिमेस निघतात, कोणी घाट उतरून कोंकणांत जातात, कोणी मावळ-खेडकडे वळतात, आणि मृगाच्या आधीं परततात. मेंढीस पाऊस सोसत नाहीं, चिखलानें खूर कुजतात. म्हणून पाऊस असेल तेथून दूर आणि पीक निघालें असेल तेथें जवळ, असें हें चक्र आहे. बरोबर जाणाऱ्या कुटुंबांच्या व कळपांच्या जथ्यास वाडा म्हणतात. जो जागेवर राहत नाहीं त्यास वाडा म्हणावें हा मराठी भाषेचा विनोद मोठा मार्मिक आहे. वाड्याचें आणि शेतकऱ्याचें नातें कधीं दयेचें नव्हतें. पीक काढलेल्या रानांत मेंढरें रात्रभर बसविलीं म्हणजे शेतास खत मिळे, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देई. मोंगलांचा चहा आणि आपल्याकडील पायलीभर ज्वारी यांच्या मुळाशीं हिशोब एकच. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनीं वाड्यांबरोबर हिंडून धनगरांच्या ओव्या टिपून घेतल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा हे देव या वाटांवरून कसे चालत आले हें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. वारकऱ्यांस तर पुस्तकाची गरजच नाहीं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी काटेवाडीस पोंचते तेव्हां धनगर आपलीं मेंढरें तिच्याभोंवतीं रिंगणांत फिरवितात. मोंगल मेंढपाळ डोंगरमाथ्यावरच्या दगडांच्या राशीस तीन प्रदक्षिणा घालतो, त्याची येथें आठवण होते.

या चक्राच्या वाटेवर आपला कारखानदारीचा पट्टा उभा राहिला. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आकुर्डीस स्कूटरी व तीनचाकी रिक्षा होऊं लागल्या. १९८२ सालीं महानगरपालिका झाली, १९९७ सालीं तळवडे व आसपासचीं गांवें तिच्या हद्दींत आलीं, आणि नदीपलीकडे महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे येथपासून चाकणपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. या कारखान्यांनीं लाखों घरांत अन्न आणलें, हें विसरून चालणार नाहीं. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकींही कित्येकांचीं घरें त्यांवर चालत असतील. पण ज्या रानांत मेंढरें बसत तें रानच राहिलें नाहीं, तेव्हां जो हिशोब शतकानुशतकें दोन्ही बाजूंस मान्य होता त्यांतील एक बाजू नाहींशी झाली. कंपनीच्या आवारास लेंडीखताची गरज नसते. चौकांत मालमोटारी कर्णे वाजवितात त्या धनगर बदलला म्हणून नव्हे; वाट तीच आहे, वाटेवरचें घर बदललें आहे.

गेल्या हिंवाळ्यांत एका सायंकाळीं तळवड्याच्या पुढें नदीकांठाला असा एक वाडा थांबलेला आम्हीं पाहिला. मेंढरें रस्त्याच्या कडेस दाटीनें उभीं होतीं, तट्टांवरचीं ओझीं उतरलीं नव्हतीं, बायका मुलांना कडेवर घेऊन वाट पाहत होत्या. वाड्यांतला विशीचा एक मुलगा मोटारसायकलीवर पुढें जाऊन मुक्कामाची जागा पाहत होता. गाडी चाकणचीच, पण तिसऱ्या-चौथ्या हाताची. मागें दोन्ही बाजूंस पोतीं लोंबत होतीं, आणि एका पोत्यांतून नुकतेंच जन्मलेलें कोंकरूं तोंड बाहेर काढून होतें. त्यानें दोन जागा पाहिल्या होत्या. एका ठिकाणीं गेल्या सालीं रान होतें तेथें यंदा भिंत होती. दुसऱ्या ठिकाणीं मालकानें नको म्हटलें. तिसरी जागा एका बंद गुदामामागची. तेथें पहारेकरी होता, तो परभणीकडचा निघाला. मुलगा गाडीवरून उतरून फाटकाबाहेर उभा राहिला. आंत कुत्रा भुंकत होता. दोघांचें बोलणें बराच वेळ चाललें. कुठले तुम्ही, मेंढरें किती, माणसें किती, उजाडायच्या आंत निघाल ना, एवढेंच आम्हांस ऐकूं आलें. मग पहारेकऱ्यानें वळून कुत्र्याच्या गळ्यांतला पट्टा धरला, व दुसऱ्या हातानें फाटक उघडलें.